चार नंबरचा चौकोन

"पुढची पंचेचाळीस मिनिटं कुणीही तोंड उघडायचं नाही," मार्केट्टा म्हणाल्या. "वस्तू तुम्ही केलीय ना? आता तिला बोलू दे. माणूस ती उलटी धरेल, डोक्यावर ठेवेल, चाटून बघेल. तुम्ही आपल्या जागेवर उभं राहून बघायचं आणि लिहायचं. ज्याच्या तोंडून एक शब्द बाहेर पडेल, तो पुढच्या वर्षी पुन्हा याच वर्गात बसेल."

शेवटचे वाक्य बोलताना त्यांनी पिह्लाकडे पाहिले. पाहिले नसते तरी चालले असते. नोव्हेंबरच्या चाचणीत पिह्लाने बरणी उघडायचे एक साधन मांडले होते आणि ते वापरणाऱ्या लोकांना मध्येच एकतीस वेळा मदत केली होती. तो आकडा मार्केट्टांनी मोजला होता आणि निकालाच्या कागदावर लिहिलाही होता. खाली एकच ओळ होती: "तू प्रत्येक बरणीबरोबर घरोघरी जाणार आहेस का?"

पिह्ला दोन वर्षे भौतिकशास्त्र शिकून मग इकडे आली होती. मोजलेल्या गोष्टीशी वाद घालायची तिला सवय नव्हती. एकतीस म्हणजे एकतीस. आज मात्र शून्य हवे होते. आजची चाचणी पार पडली तरच तिचे नाव वेस्तेरिनेन यांच्यापुढे जाणार होते. ते खुर्च्या बनवत. दर उन्हाळ्यात या वर्गातला एकच विद्यार्थी आपल्या कारखान्यात घेत, आणि आज निवड करायला स्वतः येणार होते. त्या कारखान्यातला वाफेवर लाकूड वाकवायचा यंत्रसंच पिह्लाने फक्त फोटोत पाहिला होता, पण त्याची मापे तिला पाठ होती.

"मी तर सोय करून आलोय," तिच्या शेजारी उभा असलेला ओक्को कुजबुजला आणि त्याने खिशातून रुंद चिकटपट्टीचे रीळ काढले. ओक्को झोपेतसुद्धा बोलतो असे त्याच्याबरोबर राहणारे सांगत. "माझा माझ्यावर भरवसा नाही. लाव जरा. घट्ट लाव."

पिह्लाने ती त्याच्या तोंडावर कानापासून कानापर्यंत लावली. मार्केट्टांनी सगळ्यांचे फोन टोपलीत गोळा केले, घंटा वाजवली, आणि नऊ विद्यार्थी रांगेने मोठ्या दालनात शिरले.

दालनाच्या फरशीवर खडूने नऊ चौकोन आखलेले होते. प्रत्येक चौकोनात एक वस्तू, तिच्यापुढे एक पाटी, आणि मागे विद्यार्थ्याने उभे राहायची फुली. घंटा झाल्यावर फुली सोडायची नाही, हाही नियमच. पाटीवर फक्त नाव लिहायला परवानगी होती; कोण काय मांडणार हे मार्केट्टांनीही आधी पाहिलेले नव्हते. पिह्लाच्या पाटीवर लिहिले होते: "दारातली सोबत". ते बर्चच्या लाकडाचे स्टूल होते. उंची सत्तेचाळीस सेंटिमीटर, उजवीकडे उठताना धरायला मूठ, आणि समोर पायाशी एक तिरपी फळी. फळीला टाचेच्या मापाची खाच. खाचेत टाच अडकवून पाय ओढला की बूट जागेवर राही आणि पाय बाहेर येई. वाकायची गरज नाही. सकाळी नऊ वाजता पिह्लाने ते स्वतः चार नंबरच्या चौकोनात ठेवले होते, कडा खडूच्या रेघांना समांतर करून.

ती आपल्या फुलीवर जाऊन उभी राहिली आणि तिने खाली पाहिले.

चौकोनात एक लाल गाडी होती. दोन चाके, वर पत्र्याची पेटी, बाजूला फिरवायचा दांडा. हिवाळ्यात अंगणातल्या बर्फावरून कुणी घसरू नये म्हणून शिपाई रेयो जिच्यातून खरखरीत वाळू पसरत, ती ही गाडी. तीसुद्धा खडूच्या रेघांना अगदी समांतर उभी होती. आणि तिच्यापुढे पाटी होती: "दारातली सोबत".

पिह्लाने तोंड उघडले. तेवढ्यात दालनाच्या पलीकडून मार्केट्टांनी भुवया उंचावल्या. पिह्लाने तोंड मिटले.

पाच नंबरच्या फुलीवर, हातमोजे वाळवायच्या आपल्या झाडासारख्या खुंटाळ्यामागे, ओक्को डोळे विस्फारून गाडीकडे बघत होता. "म्म्म?" त्याने विचारले. पिह्लाने खांदे उडवले. ओक्कोने मान वळवून सगळे दालन धुंडाळले आणि मग एकदम दाराकडे बोट रोखले. "म्म्म्म!"

तिचे स्टूल दाराशी होते. सकाळपासून दार नीट लागत नव्हते, खालच्या बिजागरीत बर्फ अडकला होता, आणि रेयोंना ते बसून दुरुस्त करायचे होते. बसायला नेमक्या उंचीचे काहीतरी दालनात दिसले, ते त्यांनी उचलले. गाडी वाटेत नको म्हणून ती, फरशीवर चौकोन आखलेलाच होता, तर त्यात व्यवस्थित लावून ठेवली. रेयो टापटिपीचा माणूस. मग ते हत्यारे आणायला बाहेर गेले.

आणि आता त्या दारातून पाहुणे आत येत होते. शेजारच्या ज्येष्ठांच्या वसाहतीतून सतरा जणांना पत्र पाठवून बोलावले होते: येऊन आमच्या विद्यार्थ्यांच्या वस्तू वापरून पाहा, कॉफी आणि दालचिनीचे पाव मिळतील, आणि जाताना दाराजवळ ठेवलेली छोटी भेट घ्यायला विसरू नका.

सगळ्यांत पुढे हेल्लेवीआजी होत्या. वय शहाऐंशी, आणि आल्या होत्या पायाने ढकलायच्या घसरगाडीवरून. ती त्यांनी बाहेर भिंतीला टेकवली, आत पाऊल टाकले, स्टूल पाहिले, आणि क्षणभरही न थांबता त्यावर बसल्या. उजवी टाच खाचेत. पाय ओढला. डावी टाच खाचेत. पाय ओढला. मूठ धरून उठल्या, बूट भिंतीशी जोडीने लावले आणि लोकरी मोज्यांवर चालू लागल्या.

वर्गात बूट काढायची पद्धत नव्हती. पण दाराच्या आत भिंतीशी बुटांचा एक जोड नीट लावलेला दिसल्यावर त्याच्यापुढून बूट घालून जाणे हे त्या देशात जन्मलेल्या माणसाच्या हातून होत नाही. दुसऱ्या आजी बसल्या. तिसरे आजोबा बसले. रांग लागली.

पहिले तिघे होईपर्यंत पिह्ला नुसती घामाघूम होत होती. ती पाहुण्यांना ओरडून सांगू शकत नव्हती की अहो, ज्याच्यावर तुम्ही बसलाय तेच वापरून बघायचंय. मार्केट्टांच्या कानात सांगू शकत नव्हती, कारण फुली. चौथे आजोबा बसले तेव्हा तिच्या हाताने आपोआप खिशातले घड्याळ काढले आणि कळ दाबली. एकोणीस सेकंद. पाचव्या आजींना चोवीस. तिने वही उघडली आणि चौकटी आखल्या.

इकडे चार नंबरच्या चौकोनाभोवती गर्दी जमू लागली होती.

"दारातली सोबत," ताइस्तो नावाच्या उंच आजोबांनी पाटी मोठ्याने वाचली. त्यांनी अडतीस वर्षे नगरपालिकेत काढली होती, रस्त्यांच्या खात्यात. त्यांनी गाडीचे झाकण उघडले, चिमूटभर वाळू तळहातावर घेतली आणि बोटाने पसरली. त्यांचा चेहरा उजळला. "वा! चार मिलिमीटरची. चाळलेली. पोरीला कळतंय."

"पण हे करायचं काय?" एका आजींनी विचारले.

"अगं, काय म्हणजे? दार उघडायचं, हिला पुढे घालायचं, आणि दांडा फिरवत निघायचं. आपल्यापुढे वाळू, आपण मागून. पडायची भीतीच नाही!"

त्या शब्दाबरोबर एकदोघांचा हात आपल्या मनगटाकडे गेला. डिसेंबरपासून वसाहतीतली तीन मनगटे आणि एक खुबा मोडला होता.

"अगोबाई," आजी हळूच म्हणाल्या. "हे इतकी वर्षं कुणाला कसं सुचलं नाही?"

"फिरवून दाखवा की, ताइस्तो!"

पिह्लाने दोन्ही हात वर केले. मार्केट्टांनी एक बोट वर केले. पिह्लाने हात खाली घेतले.

ताइस्तोंनी दांडा फिरवला. पेटी सकाळीच काठोकाठ भरलेली होती. गाडी एक नंबरपासून नऊ नंबरपर्यंत आणि तिथून परत अशी ऐटीत गेली, आणि मागे मीटरभर रुंदीचा एकसारखा पट्टा पडत गेला. टाळ्या पडल्या. मग आजींनी मागितली. मग आणखी एकाने. "माझी पाळी कधी?" असा आवाज मागून येत होता. ओक्कोच्या झाडावर कुणीतरी टोपी अडकवून गेले होते, बाकी तिकडे कुणी फिरकत नव्हते.

दहा मिनिटांत दालनभर वाळू झाली, आणि दालनभर माणसे मोज्यांवर होती.

"आई गं!"

"टोचतंय हो!"

बूट घालावेत हे एकालाही सुचले नाही. घरात बूट? ती माणसे एका पायावर उड्या मारत दाराशी जायची, स्टुलावर बसायची, मोजे झटकायची, मूठ धरून उठायची, आणि पुन्हा गाडीकडे यायची. मग पुन्हा टोचायचे. स्टुलापुढे आता दुहेरी रांग होती. पिह्लाची पेन्सिल धावत होती. ती घाबरली आहे की आनंदली आहे हे तिचे तिलाच कळत नव्हते. कुणी स्टुलाकडे वळूनही बघत नव्हते. "हे काय आहे?" असे कुणी विचारत नव्हते. हात मुठीवर आपोआप पडत होता, जणू ती मूठ तिथे त्यांच्या जन्मापासून आहे.

त्याच वेळी दारातून एक ठेंगणे, रुंद खांद्यांचे गृहस्थ आले. वेस्तेरिनेन. त्यांनी बुटांची रांग पाहिली, बोलता बोलता बसले, बूट काढले (सतरा सेकंद) आणि पहिल्याच पावलाला वाळूवर आले.

"सैतान!" ते म्हणाले, आणि लंगडत चार नंबरपाशी पोचले. गाडीभोवती दोनदा फिरले. "यात लाकूड कुठंय?"

पिह्ला गप्प.

"दांड्याची मूठ तेवढी लाकडी दिसतेय. कसलं लाकूड?"

पिह्लाने त्यांच्याकडे असे पाहिले, की दुसरा कुणी असता तर त्याने डॉक्टर बोलावला असता. तिने डोळ्यांनी दाराकडे खूण केली. वेस्तेरिनेन यांनी मागे वळून दाराकडे पाहिले. तिथे एक आजोबा मोजा झटकत होते.

"हं. वारा येतोय खरा," ते म्हणाले, आणि त्यांनी मफलर गुंडाळला.

मार्केट्टांनी घंटा वाजवायला पाऊल पुढे टाकले, आणि तेव्हा पिह्लाला दिसले की त्यांच्याही पायांत मोजेच होते. राखाडी, अंगठ्याला भोक. रांगेत पिह्लाने फक्त पाय पाहिले होते; वहीतली सोळावी नोंद कुणाची, ते तिला आता कळले. त्यांनी बूट केव्हा काढले हे त्यांनाही सांगता आले नसते. वहीत मात्र वेळ होती.

घंटा झाली. खुर्च्या गोल मांडल्या, कॉफी आली, पाव आले. हेल्लेवीआजी मात्र घाईघाईने निघाल्या. त्यांच्या इमारतीत सौनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीची, त्यांची पाळी ठरलेली, दर गुरुवारी तीन ते चार, आणि ती पाळी त्यांनी नवऱ्याच्या अंत्यविधीच्या आठवड्यातही चुकवली नव्हती. बाकीचे बोलू लागले. बोलणे कसले, मिरवणूकच. सोळांपैकी चौदा जणांनी चार नंबरला पसंती दिली.

"हिला बक्षीस द्या," ताइस्तो उभे राहून म्हणाले. "दांडा थोडा उंच हवा. बाकी मी अडतीस वर्षांत एवढी चांगली गाडी पाहिली नाही."

वेस्तेरिनेन यांनी घसा खाकरला. "मी वाळूच्या गाड्या करत नाही. पण म्हाताऱ्या माणसाला कशाची भीती वाटते हे जिला कळतं, ती मुलगी मला चालेल. एक जूनला ये. सकाळी सात."

मार्केट्टांचे डोळे चक्क ओले झाले होते. "आणि तू एक शब्द बोलली नाहीस, पिह्ला. एकही! आता बोल. आता परवानगी आहे."

पिह्ला उठली. तिच्या डोळ्यांपुढे वाफेचा यंत्रसंच होता. फक्त "धन्यवाद" म्हणायचे होते. एक शब्द. दालनात सगळे कौतुकाने बघत होते. तिने वहीकडे पाहिले. वहीत खोटे काही नव्हते, आणि आता खोटे लिहायची तिची इच्छाही नव्हती.

"ही गाडी माझी नाही," ती म्हणाली.

"लाजते पोर," ताइस्तो म्हणाले.

"खरंच माझी नाही."

"अगं, चांगलं केलं तर घ्यावं नाव!"

दार उघडले आणि रेयो आत आले. त्यांनी फरशी पाहिली, गाडी पाहिली, पेटीत डोकावले. "माझी वाळू कुणी संपवली?"

 मग ओक्कोने एका झटक्यात तोंडावरची पट्टी ओढली. "आऽऽ! मी पाऊण तास सांगतोय! हिचं स्टूल आहे, दाराशी, त्यावर बसून तुम्ही सगळ्यांनी बूट काढलेत!"

सगळ्या माना दाराकडे वळल्या. दाराशी बुटांची लांबलचक रांग होती. स्टूल नव्हते.

"ते होय?" रेयो म्हणाले. "ते त्या घसरगाडीवाल्या आजी घेऊन गेल्या. मीच दोरीने बांधून दिलं. पत्रात लिहिलंय म्हणाल्या, दाराजवळची भेट न्या. सगळ्यांना पुरतील इतक्या दिसत नाहीत, म्हणून लवकर निघाले म्हणाल्या."

खिडकीच्या कट्ट्यावर, दाराजवळ, कॉफीची सतरा पाकिटे जशीच्या तशी होती.

"म्हणजे चाचणी झालीच नाही," मार्केट्टा खुर्चीत बसत म्हणाल्या. "अरे देवा. स्टूल कुणी पाहिलंसुद्धा नाही."

"नाही पाहिलं," वेस्तेरिनेन म्हणाले. ते निराश दिसले, आणि निरोप घ्यायला उठले. त्यांच्याबरोबर बाकीचेही उठले. कार्यक्रम संपला होता, उजेडही कमी होत चालला होता. सगळे दाराशी गेले. आणि मग सुरू झाले ते बूट घालणे.

बसायला काही नव्हते. ताइस्तो एका पायावर उभे राहून दुसरा पाय बुटात घालू लागले आणि शेजारच्या आजींच्या खांद्यावर कलले. आजी भिंतीवर कलल्या. एका आजोबांनी वाकायचा प्रयत्न केला आणि "बास, बास," म्हणत अर्ध्यातच थांबले. कुणी कुणाचा कोट धरला. वेस्तेरिनेन पाच उड्या मारत वाळूवरून सरकत रेयोंच्या गाडीवर जाऊन आदळले. "सैतान!" ते म्हणाले. "मघाशी इथं बसायला काहीतरी होतं ना?"

टक्, असा बारीक आवाज झाला.

वेस्तेरिनेन यांनी मान वळवली. पिह्ला भिंतीशी उभी होती, एका हातात घड्याळ, एका हातात वही.

"तू काय लिहितेयस?"

"तुलना," पिह्ला म्हणाली. "पहिले तिघे मोजायचे राहिले. स्टूल असताना बाकी सोळा जणांनी बूट काढले, सरासरी एकवीस सेकंद. मोजे झटकायला अठरा वेळा बसले. मदत मागणारे शून्य. स्टूल नसताना…" तिने घड्याळ पाहिले. "घालायला थोडा जास्त वेळ लागतो, ते वजा करून सांगते. पण तुम्ही आता एक मिनिट सोळा सेकंदांवर आहात आणि अजून एकच बूट झालाय."

वेस्तेरिनेन गाडीला टेकून, एक पाय हवेत धरून, तिच्याकडे बघत राहिले. "मला किती लागले होते? काढताना?"

"सतरा. तुम्ही बोलत होतात, नाहीतर पंधरा."

"आणि मी बसलो होतो?"

"हो."

"मला आठवत नाही," ते म्हणाले. मग हळूहळू त्यांचा सगळा चेहरा पसरला. "मला आठवत नाही! तीस वर्षं मी कारागिरांना सांगतोय, खुर्ची आठवता कामा नये! एक जून. सकाळी सात. ते स्टूल घेऊन."

"ते हेल्लेवीआजींकडे आहे."

"मग घेऊन ये! लोक जी वस्तू उचलून नेतात, तिला वेगळं प्रशस्तिपत्र कशाला?"

मार्केट्टांनी निकालाचा कागद तिथेच, उभ्या उभ्या भरला. आकड्याच्या जागी मोठे शून्य काढले आणि खाली दोन रेघा मारल्या. मग त्या बूट घालू लागल्या आणि ओक्कोवर पडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिह्ला कॉफीचे पाकीट घेऊन वसाहतीत गेली. हेल्लेवीआजींनी दार उघडले. दाराशी त्यांचे बूट होते, शेजारी भिंतीला अडकवलेली, बूट चढवायची लांब दांड्याची पट्टी. स्टूल कुठेच नव्हते.

"ये ये! तुझंच का ते? काय सुरेख वस्तू आहे गं! काल सौनात पहिल्यांदा नीट बसले."

"सौनात?"

आजींनी तिला न्हाणीघरात नेले. स्टूल तिथे वाळत होते. बर्चला पाण्याने गडद रंग चढला होता. आजींनी मूठ थोपटली. "ही सौनातल्या वरच्या बाकावर चढताना धरायला. ही तिरपी फळी पाय टेकायला. आणि ही खाच बघ!" त्यांनी सौनातल्या तापलेल्या दगडांवर पाणी टाकायची पळी आणून खाचेत अडकवली. पळी डुगडुगली नाही. "इतकी वर्षं पळी खाली ठेवायची, मग वाकून उचलायची. ज्यानं हे केलंय त्यानं एकेक गोष्ट विचार करून केलीय."

पिह्लाने तोंड उघडले. खाच टाचेसाठी होती. टाचेची रुंदी तिने त्रेपन्न माणसांची मोजली होती.

आजी तिच्याकडे उत्सुकतेने बघत होत्या.

पिह्लाने तोंड मिटले. खिशातून वही काढली, पळीच्या दांड्याची जाडी मोजली, आणि तिथल्याच टॉवेलाच्या पेटीवर बसून लिहू लागली.

"कॉफी टाकू?" आजींनी विचारले. "आणि हे बघ, परत मागू नकोस हं. भेट ती भेट."